विंचूदंशाचा एक प्रश्न घेऊन: रुग्णालयाच्या ग्रंथालयातला ऑनलाइन शोध, नव्या रेसिडेंटसाठी

जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचा पदव्युत्तर रेसिडेंट डॉक्टर, म्हणून रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ओळखपत्र मिळतं, ड्यूटीचा तक्ता मिळतो, युनिटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये नाव चढतं. ग्रंथालयाचा लॉगिन मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि तो मागायचा असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. मग सिनॉप्सिसची, म्हणजे थिसिसच्या आराखड्याची, तारीख तोंडावर आली की रात्री बारा वाजता गूगलवर चार शब्द टाकले जातात, वर आलेले दहा लेख उतरवून घेतले जातात आणि सगळा रेव्ह्यू ऑफ लिटरेचर (आधीच्या संशोधनाचा आढावा) त्या दहांवर उभा राहतो. रुग्णालयाच्या ग्रंथालयात काम करताना मी हे दरवर्षी पाहते आणि दरवर्षी वाईट वाटतं. त्या डॉक्टरची हुशारी कुठे कमी पडलेली नसते, वाट दाखवणारं कुणी भेटलेलं नसतं.

ही वाट आपण एक प्रश्न हाताशी धरून चालू या. प्रश्न आपल्याच मातीतला आहे. लाल विंचू चावलेल्या रुग्णाला प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध दिलं जातंच. त्याच्या जोडीला विंचवाचं प्रतिविष दिलं, तर तो अधिक लवकर बरा होतो का?

आधी लॉगिन

जर्नलांचे प्रकाशक वाचणाऱ्याला नावानं ओळखत नाहीत, ते संस्थेच्या इंटरनेट पत्त्याला ओळखतात. म्हणून रुग्णालयाच्या वाय-फायवर उघडणारा लेख तुमच्या मोबाइल डेटावर पैसे मागतो. ‘काल उघडत होतं, आज बंद पडलं’ ही माझ्याकडे येणारी सर्वांत नेहमीची तक्रार, आणि दहापैकी आठ वेळा कारण एवढंच असतं की काल डॉक्टर आवारात होते आणि आज होस्टेलवर आहेत.

बाहेरून वाचायचं असेल तर रिमोट अ‍ॅक्सेस लागतो. कुठे त्यासाठी मायलॉफ्ट किंवा रिमोटएक्स वापरतात, कुठे ओपनअथेन्स, तर कुठे संस्थेचा स्वतःचा प्रॉक्सी असतो. रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात ग्रंथालयात जा आणि हे विचारून घ्या: माझं खातं कोणत्या ईमेलवर उघडणार, कोर्स संपल्यावर ते किती दिवस चालणार, आणि आपल्याकडे नेमकं काय काय विकत घेतलेलं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर किंवा ईमेलवर मागा. पोर्टलवरच्या यादीत जुनी, मुदत संपलेली नावंही कधीकधी राहून गेलेली असतात.

सरकारी महाविद्यालयात असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ हे नाव लक्षात ठेवा. केंद्रीय मंत्रिमंडळानं ही योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून ती सुरू झाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा पसारा आहे. कारभार गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राकडे आहे. एल्सेव्हिअर, स्प्रिंगर नेचर, वायली, बीएमजे ही नावं त्यात आहेत. म्हणजे जिल्ह्याच्या गावातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला रेसिडेंट आणि दिल्लीतल्या मोठ्या संस्थेतला रेसिडेंट या जर्नलांपुरते एका पायरीवर आले आहेत. मला याचं फार अप्रूप वाटतं. पैसे नाहीत म्हणून जर्नलं एकेक करून बंद करावी लागण्याचा काळ मी पाहिलेला आहे.

खाजगी किंवा ट्रस्टच्या रुग्णालयात असाल, तर या योजनेच्या पहिल्या टप्प्यात तुमची संस्था नाही. तिथे संस्थेनं स्वतः काय घेतलंय यावर सगळं अवलंबून राहतं. पण खचून जाऊ नका. विंचवाच्या या प्रश्नासाठी लागणारा महत्त्वाचा लेख आपण एक पैसाही न देता वाचणार आहोत.

लॉगिन मिळाला की तो कुणाला देऊ नका, आणि जर्नलाचे अंकच्या अंक एका झपाट्यात उतरवून घेऊ नका. एकदा एका रेसिडेंटनं कोणतंसं सॉफ्टवेअर लावून रात्रभरात शेकडो लेख खेचले. सकाळी प्रकाशकानं आमच्या अख्ख्या संस्थेचा प्रवेश बंद करून टाकला होता. तो परत सुरू होईपर्यंत इतरांच्या जर्नल क्लबचा (लेखांवरच्या चर्चेच्या बैठकीचा) खोळंबा झाला. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता, हे नियम त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

रात्री दोनचा प्रश्न आणि थिसिसचा प्रश्न

हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची दारंही वेगळी आहेत.

कॅज्युअल्टीत रुग्ण समोर आहे, डोस पाहायचाय, तेव्हा पबमेड उघडून बसू नका. त्या वेळी अप-टू-डेट, डायनामेड किंवा बीएमजे बेस्ट प्रॅक्टिससारखं साधन हवं. तिथे तज्ज्ञांनी पुरावा आधीच चाळून, सारांश करून ठेवलेला असतो. ही साधनं महाग असतात आणि जर्नलांच्या वर्गणीत येत नाहीत, त्यामुळे तुमच्याकडे कोणतं आहे ते आधीच माहीत करून घ्या आणि त्याचं अ‍ॅप दिवसाउजेडी फोनवर चालू करून ठेवा. यातलं काहीच नसेल तर आयसीएमआरचे (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो आहेत. एका आजाराला एक पान, आपल्या देशातल्या परिस्थितीला धरून केलेलं, आणि मोफत. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या बुकशेल्फवर स्टॅटपर्ल्स हा लेखसंग्रहही मोफत वाचता येतो.

थिसिसचं तसं नाही. तिथे दुसऱ्यानं केलेला सारांश पुरत नाही, मूळ अभ्यासापर्यंत जावं लागतं. ते दार म्हणजे पबमेड.

पबमेडबद्दल एक गैरसमज पहिल्याच दिवशी काढून टाकू या. पबमेड ही लेखांची सूची आहे. लेख तिच्यात साठवलेले नसतात, त्यांचा पत्ता असतो. अमेरिकेतलं नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन ती चालवतं. तिचं मूळ १८७९ मध्ये जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुरू केलेल्या इंडेक्स मेडिकस या छापील सूचीत आहे. जुन्या ग्रंथालयांच्या मागच्या कपाटांत तिचे जाडजूड खंड अजून सापडतात. छापील सूची २००४ मध्ये थांबली. त्याआधीच, १९९७ मध्ये, पबमेड सगळ्या जगाला मोफत खुलं झालं होतं. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. त्यामुळे ‘पबमेडवर लेख मिळाला नाही’ या वाक्याचे दोन अर्थ होतात: नोंदच सापडली नाही, किंवा नोंद सापडली पण फुल टेक्स्ट उघडला नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून ग्रंथपालांना सांगताना यातलं काय झालं ते नीट सांगा.

पीएमसी, म्हणजे पबमेड सेंट्रल, हे याचंच भावंड. ते २००० साली सुरू झालं. तिथे मात्र पूर्ण लेख असतात आणि ते मोफत असतात.

प्रश्न कागदावर मांडा

संगणक उघडण्याआधी कागद घ्या. प्रश्नाचे चार तुकडे करा: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, परिणाम कोणता मोजायचा. या पद्धतीला पिको म्हणतात आणि १९९५ पासून ती वैद्यकीय शोधाच्या पहिल्या पानावर आहे.

आपल्या प्रश्नाचे तुकडे असे पडतील. रुग्ण: लाल विंचू चावलेला आणि विषाची लक्षणं अंगभर दिसणारा, नुसती जागेवर वेदना असलेला नव्हे. उपचार: प्राझोसिन आणि प्रतिविष. तुलना: फक्त प्राझोसिन. परिणाम: लक्षणं ओसरायला लागलेला वेळ.

बहुतेकांना हे शाळेच्या गृहपाठासारखं वाटतं आणि ते ही पायरी गाळतात. पण यातच खरं काम आहे. ‘अंगभर लक्षणं असलेला’ एवढे तीन शब्द लिहिताना तुमच्या लक्षात येतं की सौम्य दंशाचे अभ्यास आपल्याला नकोत. ‘वेळ’ लिहिताना लक्षात येतं की मृत्यूचं प्रमाण हा वेगळा प्रश्न आहे, कदाचित वेगळ्या थिसिसचा. थिसिसच्या गाइडसमोर बसण्यापूर्वी हा कागद तयार असेल तर त्या भेटीत विषयाबद्दल बोलणं होतं, नाहीतर विषय कोणता यातच वेळ जातो.

शोधताना चारही तुकडे वापरायचे नाहीत. रुग्ण आणि उपचार या दोनांनी सुरुवात करा. परिणामाचे शब्द अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये नेहमी येतातच असं नाही, ते घातले की चांगले लेख जाळ्याबाहेर राहतात.

एकाच गोष्टीची अनेक नावं

इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण माझ्या अनुभवात नव्या माणसाचा शोध इथेच लंगडा पडतो.

घरी आपण म्हणतो ‘विंचू चावला’. केसपेपरवर आपण लिहितो स्कॉर्पियन स्टिंग. कुणी लेखक स्कॉर्पियन एन्व्हेनोमेशन लिहितो, ब्रिटिश वळणाचा लेखक एन्व्हेनमिंग लिहितो. आता विंचवाचं शास्त्रीय नाव पाहा. आपल्याकडच्या लाल विंचवाला जुन्या लेखांत ब्युथस टॅम्युलस म्हटलेलं आहे, नंतरच्या लेखांत तो मेसोब्युथस टॅम्युलस झाला आणि आताच्या लेखांत तो हॉटेनटोटा टॅम्युलस आहे. विंचू तोच, नावं तीन. फक्त आजचं नाव टाकून शोधलंत तर १९८० च्या दशकातलं मूलभूत काम हातून निसटेल, आणि या विषयातलं मूलभूत काम त्याच दशकातलं आहे.

प्रतिविषाचीही तीच गत. वॉर्डात आपण एएसव्हीसारखी आद्याक्षरं वापरतो, लेखक अँटिव्हेनम लिहितात, आणि पबमेडच्या अधिकृत शब्दकोशात त्याचं नाव अँटिव्हेनिन्स आहे.

या अधिकृत शब्दकोशाला मेश म्हणतात. पबमेडमधला निवडक जर्नलांचा गाभा म्हणजे मेडलाइन; त्यातल्या प्रत्येक लेखाला त्याच्या विषयाप्रमाणे मेशची लेबलं लावलेली असतात, मग लेखकानं कोणताही शब्द वापरलेला असो. पबमेडच्या पहिल्या पानावर खाली मेश डेटाबेसचा दुवा असतो. तिथे स्कॉर्पियन टाकून पाहा. स्कॉर्पियन स्टिंग्ज हे मेशचं नाव मिळेल, त्याची व्याख्या मिळेल, त्याच्या वरची आणि खालची फांदी दिसेल. पानाच्या तळाशी समानार्थी शब्दांची यादीही असते. ती कागदावर उतरवून घ्या, पुढच्या पायरीला ती लागतेच.

मग नुसतं मेश का पुरत नाही? कारण पबमेडमधल्या काही नोंदींना मेशचं लेबल लागतच नाही. मेडलाइनमध्ये नसलेल्या जर्नलांतले, पीएमसीमार्फत आलेले लेख असे असतात आणि आपल्या देशातले बरेच लेख त्यांत मोडतात. म्हणून मेशचं नाव आणि लेखकांचे साधे शब्द दोन्ही एकत्र घ्यायचे.

आता सूत्र बांधू. इथे वाचायला सोपं जावं म्हणून मी देवनागरीत लिहिते, टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं. अँड, ऑर हे जोडशब्द कॅपिटल अक्षरांत टाइप करा.

पहिला कंस: स्कॉर्पियन स्टिंग्ज हे मेश, ऑर स्कॉर्पियन स्टिंग, ऑर स्कॉर्पियन एन्व्हेनोमेशन, ऑर ब्युथस टॅम्युलस, ऑर मेसोब्युथस, ऑर हॉटेनटोटा.

दुसरा कंस: प्राझोसिन, ऑर अँटिव्हेनिन्स हे मेश, ऑर अँटिव्हेनम.

दोन कंसांच्या मध्ये अँड.

ऑर जाळं पसरतो, अँड ते आवळतो. एका कंसात एकाच कल्पनेची सगळी भावंडं, आणि कल्पना बदलली की नवा कंस. नॉट हा तिसरा जोडशब्दही आहे, पण तो शक्यतो वापरू नका. ‘साप नको’ म्हणून नॉट स्नेक लिहिलंत, तर साप आणि विंचू दोघांवर एकत्र लिहिलेला उपयोगी लेखही जाईल.

शब्दाच्या शेवटी तारा दिला की त्याची सगळी रूपं येतात: एन्व्हेनमपर्यंत लिहून तारा दिला की एन्व्हेनोमेशन आणि एन्व्हेनमिंग दोन्ही मिळतात. पण तारा किंवा अवतरणचिन्ह दिलं की पबमेड स्वतःहून मेश जोडायचं थांबतं, हे विसरू नका. एरवी तुम्ही साधे शब्द टाकले की ते मागच्या मागे त्यांचं भाषांतर करत असतं. काय केलं ते पाहायचं असेल तर अ‍ॅडव्हान्स्ड या पानावर शोधाच्या इतिहासात डिटेल्सचा बाण दाबा. नव्या माणसानं पहिले काही दिवस प्रत्येक शोधानंतर हा बाण दाबावा असं माझं कळकळीचं सांगणं आहे. यंत्रानं आपला शब्द कसा वाचला ते तिथे उघड दिसतं.

निकालांची यादी वाचताना

हे सूत्र चालवलं की यादीत एक नाव पुन्हा पुन्हा दिसेल: बावस्कर. रायगड जिल्ह्यातल्या महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. विंचूदंशात प्राझोसिनच्या वापराबद्दलचं त्यांचं टिपण लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलमध्ये १९८६ साली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयात नीट नोंदी ठेवून केलेलं काम जगाच्या सूचीत कसं बसतं, ते नव्या रेसिडेंटनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, म्हणून मी शिकवताना हाच प्रश्न घेते.

डावीकडच्या गाळण्यांत, म्हणजे फिल्टरांत, रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेली तुलनात्मक चाचणी) निवडा. यादी एकदम आटोपशीर होईल. त्यात २०११ सालचा बीएमजे या जर्नलमधला लेख आहे, आणि तो अगदी आपल्याच प्रश्नाचा आहे. महाडला केलेल्या या चाचणीत ७० रुग्ण होते, निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष, निम्म्यांना फक्त प्राझोसिन. दहा तासांनी पहिल्या गटात ३५ पैकी ३२ जणांची लक्षणं ओसरली होती, दुसऱ्या गटात ३५ पैकी ८ जणांची.

एवढं वाचून उत्तर मिळालं म्हणून उठू नका. लेखाच्या शीर्षकातच ओपन लेबल असं म्हटलेलं आहे, म्हणजे कुणाला काय दिलं हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांना ठाऊक होतं. रुग्ण एकाच रुग्णालयातले आणि दुसऱ्या श्रेणीच्या (अंगभर लक्षणं दिसणाऱ्या) तीव्रतेचे होते. तुमच्याकडे तालुक्याहून सहा तासांनी, फुप्फुसात पाणी साठलेल्या अवस्थेत आलेल्या मुलाला हा निकाल जसाच्या तसा लावता येईल का? या प्रश्नावर जर्नल क्लबमध्ये अर्धा तास बोलता येतं, आणि बोलावं.

मग त्या नोंदीच्या खाली जा. सिमिलर आर्टिकल्स आणि साइटेड बाय हे दोन भाग पाहा. साइटेड बायमध्ये नंतरच्या वर्षांत या लेखाचा आधार घेणारे, त्याला दुजोरा देणारे किंवा त्याच्याशी मतभेद असणारे लेख मिळतात. सूत्रातून सुटलेले दोन-तीन चांगले लेख इथे हमखास सापडतात, आणि त्यांत एखादा शब्द असा भेटतो जो आपल्या कागदावर नव्हता. तो सूत्रात घालून पुन्हा शोधायचं. असं दोनदा-तीनदा होणं हे शोध बरोबर चालल्याचंच लक्षण आहे.

गाळण्या जपून वापरा. ह्युमन्स (फक्त माणसांवरचे अभ्यास) ही गाळणी मेशच्या लेबलांवर चालते, त्यामुळे लेबल नसलेले लेख गुपचूप गळतात. फ्री फुल टेक्स्ट ही गाळणी तर थिसिससाठी लावूच नका. फुकट मिळतात तेवढेच लेख वाचायचे, असं कोणत्याही परीक्षकाला सांगता येणार नाही.

कॉक्रेन लायब्ररीही याच टप्प्यावर पाहा. एकाच प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीनं गोळा करून, तपासून लिहिलेली पुनरावलोकनं तिथे असतात. तुमच्या जागेवरून पूर्ण उघडलं नाही तरी सारांश वाचता येतो. गूगल स्कॉलर मी सर्वांत शेवटी उघडते. लेखाचं अर्धवट शीर्षक आठवत असेल किंवा परिषदेतलं एखादं टिपण हवं असेल तर ते उत्तम आहे. पण त्यात मेश नाही, आणि आजचा शोध महिन्यानं तसाच्या तसा पुन्हा येईल याची हमी नाही. थिसिसच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहायला ते एकटं पुरत नाही.

फुल टेक्स्ट उघडत नाही तेव्हा

क्रम ठेवा. नोंदीच्या उजव्या बाजूला फुल टेक्स्टची बटणं असतात; पीएमसीचं बटण असेल तर तिथेच काम झालं. बीएमजेचा वरचा लेख असाच मिळतो. नसेल तर संस्थेच्या लॉगिनमधून प्रकाशकाच्या पानावर जा. तेही नसेल तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल हे छोटं जोड-साधन बसवून ठेवलेलं असावं. लेखाची कायदेशीर मोफत प्रत कुठे ठेवलेली असेल तर ते शोधून देतं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधले संशोधनलेख सहा महिन्यांनी नोंदणी करून मोफत वाचता येतात, ही गोष्टही फार थोड्यांना माहीत असते.

आपल्याकडची काही चांगली जर्नलं मुळातच खुली आहेत. मुंबईच्या सेठ जीएस मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालयाचं जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन १९५५ पासून निघतंय. आयसीएमआरचं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च १९१३ पासून. आपल्या रुग्णांसारखे रुग्ण तिथे भेटतात.

इतकं करूनही लेख हाती आला नाही तर लेखकाला चार ओळींचं साधं ईमेल पाठवा. लेखाच्या पहिल्या पानावर पत्रव्यवहाराचा पत्ता असतो, आणि लेखक बहुधा आनंदानं प्रत पाठवतात. नाहीतर ग्रंथपालांना लेखाचा डीओआय द्या, म्हणजे १० या आकड्यापासून सुरू होणारा क्रमांक. त्यावरून दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवता येते. फक्त शीर्षकाचा मोबाइलनं काढलेला फोटो पाठवलात, तर तो क्रमांक शोधण्यात आमचा वेळ जातो आणि लेख तुमच्या हाती येईपर्यंत तुमची ड्यूटी बदललेली असते.

सापडलेलं सांभाळा

पबमेडचा क्लिपबोर्ड सोयीचा आहे पण कच्चा आहे. आठ तास हात लावला नाही की तो रिकामा होतो. रात्रपाळीत निवडलेले लेख सकाळच्या राउंडनंतर पाहू म्हणून गेलेल्या कितीतरी जणांना ते परत शोधावे लागले आहेत. माय एनसीबीआय खातं उघडा, ते मोफत आहे आणि गूगलच्या ईमेलनं उघडतं. त्यात सूत्र सेव्ह करा आणि अलर्ट लावा. मग नवा लेख आला की तो तुमच्या इनबॉक्समध्ये येतो, सबमिशनच्या आदल्या महिन्यात घाई होत नाही.

संदर्भ सांभाळण्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे, आणि पहिल्या लेखापासून वापरायला घेतलं तरच त्याचा उपयोग होतो. साठ लेख जमल्यावर ते सुरू करणं म्हणजे घर भरल्यावर कपाट आणण्यासारखं. वैद्यकीय लेखनात बहुतेक ठिकाणी व्हँकुव्हर पद्धत मागतात, मजकुरात आकडे आणि शेवटी त्याच क्रमानं यादी. गाइडनी मधला एक परिच्छेद काढायला सांगितला की हातानं केलेल्या यादीतले सगळे आकडे बदलावे लागतात. झोटेरो ते आपणहून बदलतं.

याशिवाय एक साधी वही ठेवा. तारीख, कोणता डेटाबेस, पूर्ण सूत्र, किती नोंदी आल्या. दोन वर्षांनी व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) ‘लिटरेचर कसं शोधलं’ असं विचारलं, तर हे चार रकाने तुमच्या बाजूनं बोलतील.

हातातल्या लेखावर विश्वास ठेवण्याआधी

लेख मागे घेतला गेला आहे का ते पाहा. पबमेडच्या नोंदीवर तसं असेल तर ठळक सूचना असते, आणि झोटेरोही तुमच्या संग्रहातल्या मागे घेतलेल्या लेखावर खूण करतं. हे दूरचं वाटत असेल तर कोविडचा काळ आठवा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला गाजलेला लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. छापील प्रत किंवा जुनं पीडीएफ हातात असलेल्याला हे कळायचा मार्ग नसतो.

चॅटबॉटनं दिलेला संदर्भ पबमेडमध्ये सापडल्याशिवाय लिहू नका. ही यंत्रं लेखकांची खरी नावं, खऱ्या जर्नलाचं नाव आणि कधीच न छापलेलं शीर्षक अशी सरमिसळ करून देतात, आणि ती इतकी नीटनेटकी दिसते की अनुभवी माणूसही फसतो. मी माझ्या टेबलावर असे संदर्भ पाहिले आहेत. शीर्षक पबमेडमध्ये टाका, नोंद उघडा, अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचा. एका संदर्भाला एक मिनिट लागतं. आणि रुग्णाचं नाव, केस नंबर, रिपोर्टचा फोटो यातलं काहीही कोणत्याही शोधपेटीत किंवा चॅटबॉटमध्ये टाकू नका.

तुमचा लेख छापायचं आमंत्रण देणारी, ‘सात दिवसांत प्रकाशन’ म्हणणारी पत्रं लवकरच यायला लागतील. जर्नलाचं नाव एनएलएमच्या (नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या) कॅटलॉगमध्ये तपासा. तिथे मेडलाइनमध्ये सध्या समाविष्ट असल्याचा उल्लेख आहे का, ते पाहा. ‘पबमेडमध्ये आहे’ आणि ‘मेडलाइनमध्ये आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी अधिक कसून तपासलेली असते.

थिसिसमध्ये रुग्णांवर उपचाराची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, दोनदा उघडावी लागते. एकदा शोधाच्या सुरुवातीला: हाच प्रश्न कुणी आधीच हाती घेतलाय का, हे तिथे कळतं. दुसऱ्यांदा एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्यावर, आणि पहिला रुग्ण घेण्याच्या आधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही.

ग्रंथपालांकडे येताना

दुपारी ओपीडी संपल्यावर या, तेव्हा ग्रंथालयात निवांत बसता येतं. सोबत पिकोचा कागद, तुम्हाला आधीच आवडलेले दोन-तीन लेख आणि वापरून पाहिलेलं सूत्र आणा, ते चुकलेलं असलं तरी चालेल. त्या दोन-तीन लेखांची मेशची लेबलं पाहूनच आम्ही पुढचे शब्द काढतो. एका बैठकीला तासभर लागतो. सिनॉप्सिसच्या आदल्या दिवशी आलात तरी मदत होईलच, पण महिनाभर आधी आलात तर बाहेरून मागवलेल्या प्रतीही वेळेत पोचतील. फोन बंद करायची गरज नाही, वॉर्डातून बोलावणं आलं तर जाऊन या. शोध सेव्ह केलेला असेल, तिथूनच पुढे सुरू करू.